पुलाला लटकलेला हिरो

शिरूर कासार. मंगळवार, दिवस मावळताना.

आज तो पिच्चर पुढं पाहिला. नको होता पाहायला.

गेल्या हंगामात उसाच्या फडावर, आमच्या पाचटाच्या कोपीत, मी आणि माझी बायको सुमन मोबाइलवर बघत होतो. पहिला तासभर हिरो नुसता उडत होता. सुमन जांभया देत होती. मग त्याची शक्ती गेली आणि तो एका हातानं पुलाला लटकला. ती ताडकन उठून बसली. म्हणली, "आता खरा पिच्चर चालू झाला. आता ह्यो मरू पन शकतो."

तेवढ्यात मुकादमानं हाक मारली, ट्रक भरायला आला होता. "थांबवा तितंच," ती म्हणली. "माज्याबिगर बघू नका."

डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तिचा पाय घसरला. जागीच गेली. मी दहा पावलांवर मोळ्या बांधत होतो.

वर्षभर मी त्याला पुलाला तसाच लटकत ठेवला. आज का लावला? माहीत नाही.

त्याची शक्ती परत आली. वाचला. तिथून पुढं एकदाही छातीत धडधडलं नाही.

एवढं एकच सांगून गेली होती, तेही मोडलं मी.