ह्यांची गाडी, माझे डोळे

६ ऑक्टोबर, सोमवार

पानं, पानं आणि पानं. सकाळी झाडून घ्यावं तर दुपारी परत तेवढीच. झाड शेजाऱ्यांचं, पानं आमच्या अंगणात. बोलायचं कुणी? शेजार आहे, मरेपर्यंत पुरवायचा आहे. कंबर धरून बसले आहे.

हे गुलाब छाटत होते. वाळक्या फांद्यांबरोबर दोन टपोऱ्या कळ्याही उडवल्या. मी उचलून पेल्यात ठेवल्या. जेवताना मान तिरकी करून, कोंबडा बघतो तसं एका अंगानं त्या कळ्यांकडे बघितलं आणि म्हणतात कसे – "बरं केलंस घरात आणल्यास, बाहेर किडल्या असत्या."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. ह्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, समोरचं धूसर होत जाणार, कडेचं दिसेल. औषधानं फार तर आहे ते टिकेल. "आणि आजोबा, गाडी आजपासून बंद." आम्ही दोघांनी शहाण्या मुलांसारख्या माना हलवल्या. बाहेर आलो, ह्यांनी खिशातून किल्ली काढली, आणि आम्ही गाडीनंच घरी आलो. त्यानंतर तो विषय निघालेला नाही. लेकीलाही सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गुरुवार, म्हणजे फिरायला. निवृत्तीनंतरचा ह्यांचा नियम. "जन्मभर बस दुसऱ्यांनी आखलेल्या रस्त्यावरून नेली, आता आपल्या मर्जीनं जायचं." मर्जी दर गुरुवारी तळ्यावरच जाते ती गोष्ट वेगळी.

गाडीत हात ह्यांचे, डोळे माझे. "पुढे लाल. थांबा. हिरवा झाला. ट्रक उभा आहे, उजवीकडून काढा. म्हातारा रस्ता ओलांडतोय, सावकाश." सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, कानाला यंत्र लावून लोकांना जोडून द्यायचं. हेही तसंच, रस्ता ह्यांना जोडून द्यायचा. लेक मागे बसलेली असली की तेच गप्पांत मिसळून सांगावं लागतं – "अगं बाई, किती लवकर लाल झाला हा सिग्नल!" किंवा "बघ गं, समोरून केवढी बस येतेय!" लेक म्हणते, "आई, तू गाडीत बसलीस की तुझा पट्टा सुरू. बाबा बिचारे एक शब्द बोलत नाहीत." बिचारे!

तळ्यावर हे बाकावर बसून शेंगा खातात, ताजेतवाने होतात. मी डोळे मिटून बसते. येताना पुन्हा तेच करायचं असतं.

पण खरं लिहायचं तर, दमते तशी सुखावतेही. एक्स्चेंज बंद पडलं त्यानंतर माझा आवाज कुणाला असा लागलाच नव्हता.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर झोपून. घसा बसलाय.

१२ ऑक्टोबर, रविवार

लेक आली होती, भिंगरीला घेऊन. नातीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेवढंच, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. आली तशी गाडीच्या टपावर चढली.

चहा झाल्यावर लेकीनं विषय काढला. लॅबमधली तिची पाळी नोव्हेंबरपासून सकाळची होतेय. जावयांचं ऑफिस दुसऱ्या टोकाला. "बाबा, भिंगरीला रोज शाळेत सोडाल? दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसवायला माझा जीव धजत नाही. तुम्ही म्हणजे एवढी वर्षं बस चालवलीत, साधा ओरखडा नाही."

ह्यांनी विचारसुद्धा केला नाही. "त्यात विचारायचं काय? झालं समज."

माझ्या हातात कपबशा होत्या. ह्यांच्याकडे बघत राहिले. ते भिंगरीच्या केसांवरून हात फिरवत होते. लेक जाताना माझ्या गळ्यात पडली, म्हणाली, "किती मोठं ओझं उतरलं गं आई." तिचं उतरलं, माझ्या डोक्यावर आलं.

आम्ही दोघं म्हातारे खड्ड्यात गेलो तर गेलो. पण ती पोर?

१३ ऑक्टोबर, सोमवार

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लेकीला सांगितलं तर ह्यांचा शेवटचा मान जातो, आणि उन्हाळ्यापासून मी काय करत होते हेही सांगावं लागतं. न सांगितलं तर – ते लिहवत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तळं रद्द. रोपवाटिकेत जाऊन फुलांचे कंद आणले. थंडीआधी लावायचे म्हणजे वसंतात येतात. हे दुकानदाराशी वाद घालत एकेक कंद दाबून बघत होते. बोटांना अजून सगळं दिसतं ह्यांच्या.

येताना ते झालं. डावीकडच्या गल्लीतून एक बाई सायकलवर आली. मी बोललेच नाही. मला दिसली ती थेट गाडीच्या नाकाशी, बॉनेटवर हात टेकलेली. ब्रेक ह्यांनी आधीच दाबला होता, कसा कोण जाणे. बाईला लागलं नाही. तिच्या पिशवीतले टोमॅटो रस्ताभर झाले. "आजोबा, दिसत नाही का?" असं म्हणाली. हे काचेतून समोर बघत राहिले. मी उतरून टोमॅटो गोळा करून दिले, चार वेळा माफी मागितली.

"सांगितलं का नाहीस?" हे म्हणाले.

"सांगितलं की. तुमचंच लक्ष नव्हतं." धडधडीत खोटं. मी बहुतेक मांडीवरच्या कंदांच्या पिशवीकडे बघत असेन. दुसरं काय असणार?

त्या बाईच्या जागी एखादं पोर असतं तर.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पानं झाडली नाहीत. पडू देत.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज सकाळी धीर करून काढलाच विषय. हे कंदांसाठी माती भुसभुशीत करत होते.

"शाळेचं आपण लेकीला नाही म्हणू."

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

खुरपं चालूच. मग म्हणाले, "तू असशीलच ना शेजारी."

झालं! म्हणजे रोज सकाळी, थंडीत, मीही. मला कुणी विचारलं? पंचेचाळीस वर्षं संसार केला, मला काय हवंय हे ह्यांनी किती वेळा विचारलं ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. वर बोटं उरतील. मी आत येऊन भांडी आपटली. कुणाला ऐकू गेली नाहीत.

लेकीचा फोन – येत्या रविवारी तिच्याकडे जेवायला. आमच्या लग्नाचा वाढदिवस. "आई, छान साडी नेस." बरं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

ठरवून केलं आज. तळ्याला जाताना ह्यांना मुद्दाम गोदामांमागच्या नव्या रस्त्यानं वळवलं. सरळसोट रस्ता, चिटपाखरू नाही. आणि मी तोंड मिटलं. म्हटलं, बघू द्या ह्यांना एकट्यानं.

थोडं अंतर गेलो. गाडी हळू झाली. आणखी हळू. मग रस्त्याच्या मधोमध उभीच.

"लाइन तुटली का?" हसत म्हणाले, पण हसू काही जमलं नाही.

ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. मग म्हणाले, "बोल गं काहीतरी. मला एकट्याला नाही दिसत."

उन्हाळ्यापासून ह्याच वाक्याची वाट बघत होते. आलं तेव्हा जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. मी म्हटलं, "मी दमले हो. खूप दमले." एवढंच जमलं.

गाडीत तसेच बसून राहिलो. वाऱ्यानं काचेवर पानं येऊन चिकटत होती. शेवटी म्हणाले, "रविवारी सगळ्यांसमोर मीच सांगतो. तू मध्ये बोलू नकोस. माझं मला सांगू दे." मी हो म्हटलं.

आणि मग गंमत अशी की घरी तर यायचंच होतं. परत सुरू – पुढे लाल, थांबा, हिरवा.

२५ ऑक्टोबर, शनिवार

कंद लावून झाले. हे काढत होते खड्डे, मी टाकत होते माती. दिवसभरात कामापुरतं बोललो. संध्याकाळी हे गाडी धुऊन बराच वेळ कोरडी करत बसले होते. मी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

२६ ऑक्टोबर, रविवार

जावई न्यायला आले होते, नशीब. जेवण, केक, फोटो. आम्हाला एकमेकांना केक भरवायला लावला. ह्यांनी माझ्या हनुवटीला भरवला! सगळे खोखो हसले. मीही हसले, काय करणार.

मग भिंगरीनं जाहीर केलं, "आता मी रोज आजोबांच्या गाडीतून शाळेत जाणार, पुढच्या सीटवर."

हे उभे राहिले. घसा खाकरला. खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"गाडी काढून टाकायची म्हणतो," हे म्हणाले. "तुमच्या आईला हल्ली नीट दिसत नाही. गाडीत बसली की घाबरते, हे आलं, ते आलं, ओरडत असते. माझं काय, मी चालवीन अजून दहा वर्षं. पण हिच्या जिवाला घोर नको. हिच्यासाठी सोडतोय."

चोर सोडून संन्याशाला फाशी!

सगळे माझ्याकडे वळले. लेक म्हणाली, "आई, आम्हाला सांगितलं का नाहीस? म्हणून तू गाडीत सारखी बोलत असतेस होय?" जावयांनी पाण्याचा पेला आणून हातात दिला. भिंगरीनं नाकासमोर बोटं धरली, "आजी, किती?" मी म्हटलं, "तीन." ती म्हणाली, "बरोबर, पण आता तू नीट जप हं."

एका शब्दात सगळं उघडं करता आलं असतं. ह्यांच्याकडे बघितलं. खाली बसायला मागे हात करून खुर्ची चाचपत होते, खुर्ची भलतीकडे होती. जावयांनी सरकवून दिली.

"हो गं," मी लेकीला म्हटलं. "हल्ली जरा कमीच दिसतं."

२७ ऑक्टोबर, सोमवार

अबोला. चहाचा कप नुसता आपटून पुढे ठेवला.

दुपारी येऊन माझ्या कॉटच्या कडेला बसले. "राग आलाय ना?" मी भिंतीकडे तोंड केलं. "अगं, त्या पोरीनं शाळेत जाऊन सांगितलं असतं, माझे आजोबा बसचे ड्रायव्हर होते आणि आता आंधळे झाले. नाही ऐकवलं मला ते. मनातल्या मनातसुद्धा."

"आणि माझं काय?"

"तुझं तर खोटंच आहे ना. खोटं कुठे लागतं माणसाला?"

लागतं. पण पोर वाचली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं आणि सोडून द्यायचं. ते उठून गेल्यावर जी झोप लागली, तशी उन्हाळ्यापासून लागली नव्हती.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

जावई गाडी घेऊन गेले. त्यांच्या ओळखीतल्या कुणाला तरी हवी आहे. अंगणभर पानं आणि गाडीच्या जागी तेवढा स्वच्छ चौकोन. हे बराच वेळ तिथे उभे होते. मी झाडू घेऊन गेले आणि तशीच परत आले.

लेकीनं माझ्यासाठी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. म्हटलं, अगं नको, म्हातारपणी चालायचंच. ऐकते कुठली! ह्यांना बाजूला घेऊन म्हटलं, आता काय करू? तर हसून म्हणतात, "जाऊन ये. नाटक केलंय तर तिसरा अंकही होऊ दे." ह्यांच्या डोळ्यांसाठी किती खेपा घातल्या त्या दवाखान्यात, पण त्या खुर्चीत मी कधी बसलेले नाही. माझा चष्मा दुकानातून घेतलेला, जवळचं वाचायला.

२ नोव्हेंबर, रविवार

भिंगरीची शाळेची सोय झाली. लेकीच्या मैत्रिणीची मुलगी त्याच शाळेत आहे, त्यांच्याबरोबर जाईल. आम्ही दोघं उन्हात खुर्च्या टाकून बसलो. कुठे जायचं नाही, काही सांगायचं नाही. किती बरं वाटलं ते लिहिताही येत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

तपासायला बराच वेळ लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यात दाब वाढलाय. कडेची नजर गेली आहे, डावीकडची जवळजवळ सगळी. "वर्षभर तरी असणार, आजी. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही." गेलेलं परत येत नाही म्हणे.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर हे लेकीला खालच्या आवाजात सांगत होते, "उगाच आणलंस गं तिला. मीच थाप मारली होती. नजर माझी गेली आहे. तिची घारीसारखी आहे, तिच्याच भरवशावर तर चालवत होतो."