विहिरीकाठच्या चपला

मंगळवार, संध्याकाळ

तिसरीतल्या राधाला हातच्याची वजाबाकी जमेना, म्हणून सकाळी मी तिला फळ्याजवळ उभं ठेवलं. मधल्या सुट्टीनंतर बघते तर ती वर्गात नाही. शाळेमागच्या विहिरीला कठडा नाही. धावत गेले. काठावर तिच्या निळ्या चपला. आत वाकून बघायचं धाडसच होईना. नुसत्या त्या चपलांकडं बघत राहिले.

"बाई, मी हितं हाय." शेजारच्या ज्वारीत बसली होती.

"चपला का काढल्यास?"

"पळताना वाजत्यात. तुमाला ऐकू आलं असतं."

जवळ घ्यायला हात पुढं केला, तर तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

मी तिला कधीच मारलं नाही, असं लिहिणार होते. पण मागच्या आठवड्यात पट्टी मारली होती. पाढा चुकला म्हणून.