रायफलच्या लाकडावरचं नाव

बाबा,

कुवेतमध्ये, रिग्गईच्या घरात, शुक्रवारी सकाळी तुम्ही जेवणाच्या टेबलावर सुतारकामासाठी वर्तमानपत्र पसरायचात आणि आई चहाचे कप हातात घेऊन जागा शोधत राहायची. मी भारतातल्या नन्सच्या शाळेतून सुट्टीला आले होते. त्या शुक्रवारी टेबलावर तुमच्या कफीलांच्या, म्हणजे तुम्हाला व्हिसा देणाऱ्या कुवेती मालकांच्या, जुन्या रशियन रायफलचं नुसतं लाकूड होतं. लोखंड त्यांच्याकडेच होतं, पॉलिशला तुम्ही दस्ता तेवढा आणला होता. स्पिरिटचं फडकं फिरवलंत, त्याला तांबूस रंग लागला आणि तुम्ही लहान मुलासारखे हसलात. "लाख आहे गं ही! रशियाच्या बंदुकीला आपल्याकडची लाख!" आई म्हणाली, "लाख असो नाहीतर डांबर, माझं टेबल मोकळं करा."

त्या रायफलबद्दल तुम्हाला सगळं कफीलांनी सांगितलेलं, आणि तुम्ही ते मला सांगायचात. महायुद्धानंतर रशियनांनी अशा रायफली ढिगाने खोलल्या, सुटे भाग एकमेकांत मिसळले, बसेल तो बोल्ट बसेल त्या नळीला बसवला, जुना आकडा खोडून नवा ठोकला आणि लाखेचा हात देऊन गोदामात रचून ठेवल्या. पुढे त्या देशोदेशी गेल्या. कफीलांना ही बगदादच्या मित्राने दिली होती. पाच गोळ्या, सरळ बाहेर आलेली बोल्टची मूठ, हात भाजू नये म्हणून नळीवरही लाकूड. आणि नेम संगीन लावूनच बांधलेला, म्हणून संगीन काढली की गोळी बाजूला जाते. कफील म्हणायचे, "उस्ताद, बगैर संगीन के ये झूठ बोलती है."

दस्त्याच्या खालच्या बाजूला कुणा सैनिकाने चाकूने पाच अक्षरं कोरली होती. त्यातला एक आर उलटा होता. तुम्ही नमाजाला गेलात तेव्हा मी कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन त्याच्या शेजारी माझं पहिलं अक्षर कोरलं. का, ते आजही सांगता येत नाही. परत येऊन तुम्ही दस्ता उलटा करून पाहिलात. दुसऱ्या दिवशी लाखेत भुसा कालवून सगळं बुजवलंत, वरून घासून गुळगुळीत केलंत.

दस्ता परत द्यायला मी तुमच्याबरोबर कफीलांच्या दिवाणियात, पाहुण्यांच्या बैठकीत, आले होते. कफीलांनी खालून बोट फिरवलं. "नाम किधर है? अरे उस्ताद, तू तो आदमी का नाम खा गया!" सगळ्या पाहुण्यांसमोर. तुम्ही खाली बघून म्हणालात, "माफ करो, हमने देखा ही नहीं." लाकडातली केसाएवढी चीर अंधारात बोटाने ओळखणारे तुम्ही. परतताना गाडीत तुम्ही मला फलाफल घेऊन दिलंत. मला वाटलं, तुम्हाला खरंच दिसलं नसेल. मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

आता तुमच्या माघारी मी सबाह अल-सालेमचं घर आवरते आहे, कायमची भारतात परत निघाले. तुमच्या हत्यारांच्या पेटीत सँडपेपरखाली एक कागद सापडला. कोरलेल्या अक्षरांवर ठेवून पेन्सिल घासलेला. पाच अक्षरं, आणि कोपऱ्यात माझं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग मला रागावला का नाहीत? बुजवायचंच होतं तर कागद कशाला ठेवलात? आणि नुसतं माझंच का नाही बुजवलंत? लाखेचा ताजा डाग तिथेच दिसला असता, म्हणून? मला काही नीट कळत नाही, बाबा.

पेटी आणि रंधे जाब्रियात राहणाऱ्या भाच्याला जातील, त्याला सुतारकामाची आवड आहे. तुमची जपाची तसबीह माझ्या धाकटीला. कागद कफीलांच्या मुलाला. तेही आता थकलेत; कफील शेवटपर्यंत ते नाव आठवायचा प्रयत्न करत होते असं सांगतात. माझ्या अक्षराचा कोपरा कापायचा नाही, अख्खा द्यायचा, असं मी थोरल्या मुलीला लिहून ठेवलं आहे. मी विमानात बसल्यावर तिने तो पोचवायचा.

मीच का देत नाही? काल कफीलांच्या मुलाचा फोन आला होता. त्यांनी त्या नावाचं विचारलं, आणि मीही सांगितलं, बाबांना ते नाव दिसलंच नव्हतं.