दोन टॅबलेट, एक स्क्रू ड्रायव्हर

१३ डिसेंबर
मुलांच्या आईचा फोन. (पूर्वी इथे ‘हिचा फोन’ लिहायचो. नवी सवय लावून घेतो आहे.) वर्षअखेरच्या सुट्टीत मुलं आठवडाभर माझ्याकडे. पसंत पडलं तर उन्हाळ्याची अख्खी सुट्टीही माझ्याकडेच. कुणाला पसंत पडलं तर, असं विचारलं. म्हणाली, मुलांना, त्यांनाच विचारणार आहे मी, तुला नाही.
म्हणजे काम झाल्यात जमा. थोरली सात वर्षांची, धाकटा पाच. एवढ्याशा गिऱ्हाइकांना खूश करता येत नसेल तर इतकी वर्षं दुकानात बसून काय माश्या मारल्या?

१४ डिसेंबर
प्लॅन तयार. मुलांना दुकानात न्यायचं. पंख्याच्या चालत्या मोटारीवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत काय दुखतंय ते मोटार सांगते. बेअरिंग वेगळं कण्हतं, बुश वेगळा. फुटपाथवर बसून पंखे दुरुस्त करायचो तेव्हा एक पक्कड आणि हा कान, एवढंच भांडवल होतं. आज वाइंडिंगचं स्वतःचं दुकान आहे.
गेल्या वर्षी थोरलीनं कान लावला होता. म्हणाली, बाबा, आत कुणीतरी वाळूवरून चालतंय. उघडून बघितलं तर बेअरिंगमधलं ग्रीस वाळलेलं! पोरीनं माझा कान घेतला आहे.
मुलांची आई म्हणायची, तुला गल्लीच्या टोकाची मोटार ऐकू येते, समोर बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. साफ चूक. हे वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं होतं.

१६ डिसेंबर
मास्टरस्ट्रोक! दोघांना दोन टॅबलेट घेतले. स्वतःचा टॅबलेट असला की मुलं रोज मला बघणार, रोज बोलणार. आधी लाइन ओढायची, मग दिवा लागतो.
विक्रेती चुणचुणीत होती. म्हणाली, हेडफोन पण घ्या सर, नाहीतर घरभर आवाज होतो. घेतले. एक गुलाबी, एक हिरवा. कानाच्या धंद्यातल्या माणसाला कानाचं महत्त्व सांगावं लागत नाही.
तिनंच टॅबलेटमध्ये ‘कुटुंब’ नावाचा गट करून दिला. मुलांनी कुठलाही नवा खेळ घेतला की माझ्या फोनवर विनंती येणार. मी ‘परवानगी’ दाबायचं. दुसऱ्या पालकांचा नंबर? विचारत होती. दिला.

१७ डिसेंबर
मुलांच्या आईनं गटाचं आमंत्रण स्वीकारलं! फोनवर आलं : तुमच्या कुटुंबात आता चार सदस्य आहेत. चार गोल, चार अक्षरं, एका ओळीत.
ताईला फोन केला. माझी थोरली बहीण. म्हटलं, ताई, बर्फ वितळतोय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, अरे वेड्या, ते टॅबलेटचं आहे.
ताईला टेक्नॉलॉजी कळत नाही.

२० डिसेंबर
मुलं आली. आईनं दारातूनच बॅगा दिल्या. चहा घेतेस का म्हटलं, तर गाडीत कुणी वाट बघतंय म्हणाली. टॅक्सीवाला असावा.
खोके उघडल्यावर धाकटा सोफ्यावरून उडी मारून गळ्यात पडला. थोरलीनं गालाचा पापा घेतला. म्हणाली, आई टॅबलेट कध्धी घेऊ देत नाही. मनातल्या मनात पॉइंट लिहून ठेवला.

२१ डिसेंबर
घरात कमालीची शांतता. मुलं अजिबात त्रास देत नाहीत. धाकटा राक्षसांना आंघोळ घालतो, थोरली केकचं दुकान चालवते. पोरीत धंद्याचं रक्त आहे.
दुकानात चला म्हटलं. उद्या, असं दोघं एकदम म्हणाली. ठीक. नवी वस्तू आहे, नवलाई दोन दिवसांत उतरेल. उद्या नक्की.

२२ डिसेंबर
उद्या नक्की.

२३ डिसेंबर
नेलं! चार्जरसकट. खास त्यांच्यासाठी एक खरखरणारा टेबल फॅन राखून ठेवला होता. गिऱ्हाईक न्यायला आलं तर सुटा भाग मिळत नाही म्हणून परत पाठवलं. फॅन चालू केला, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, थोरलीला बोलावलं. तिनं एका कानावरचा गुलाबी हेडफोन सरकवला. मूठ कानाला लावली. मी श्वास रोखून उभा. काय ऐकू येतंय, विचारलं.
म्हणाली, पंखा.
हेडफोन परत कानावर.
निदान तसं बरोबरच होतं.

२५ डिसेंबर
ताई आली. बराच वेळ दारात उभी राहून मुलांकडे बघत होती. आत्या आली रे, म्हटलं. कुणी मान वर केली नाही. ताई म्हणाली, मुलं आली आहेत ना? मग घरात तू एकटाच कसा दिसतोस?
जेवणाच्या टेबलावर टॅबलेट बंद, असा नियम आजपासून.

२५ डिसेंबर, जेवणानंतर
नियम लागू केला. धाकट्याला म्हटलं, ठेव आता. तो ओरडला, बाबा थांब, मरेन मी! ताटासकट दचकलो. खेळातला मरणार होता. मग दोघांच्या डोळ्यांत पाणी. रडवून कुणी उन्हाळ्याची सुट्टी मिळवत नाही. नियमाला सुट्टीपुरती स्थगिती.

२७ डिसेंबर
मुलं गेली. निघताना धाकट्याचे बूट मी बांधले. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. स्क्रू ड्रायव्हर थोरलीच्या बॅगेत हळूच टाकला. पिवळ्या मुठीचा, माझा पहिला.
गाडीची काच खाली होती आणि माझे कान हे असे. आईनं विचारलं, काय काय केलं बाबाकडे? धाकटा म्हणाला, सगळे राक्षस स्वच्छ झाले. आई म्हणाली, आणि बाबा? थोरलीनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. मग म्हणाली, बाबा पण होता.
उल्लेख आला. विचारल्यावर आला, पण आला.
गाडी चालवणारा टॅक्सीवाला नव्हता. त्याच्या इंजिनाचा एक सिलिंडर नीट चालत नाही. सांगितलं नाही.

४ जानेवारी
मुलांना माझी आठवण येते! सकाळपासून सारख्या विनंत्या. थोरलीला बेकरी हवी. धाकट्याला डायनासोर हवा. प्रत्येक वेळी फोन टिणटिणतो, तिचं किंवा त्याचं नाव येतं, मी ‘परवानगी’ दाबतो. गिऱ्हाइकांना सांगितलं, थांबा, मुलांचा फोन आहे.

९ जानेवारी
एक शोध लागला. परवानगी लगेच दिली नाही तर मुलं फोन करतात. आज मुद्दाम थांबलो. धाकट्याचा व्हिडिओ कॉल! फक्त कपाळ दिसलं. म्हणाला, बाबा, हो दाब ना. म्हटलं, दाबतो, शाळेत काय झालं सांग. म्हणाला, आधी दाब. दाबलं. कॉल बंद.
तरी कपाळ माझ्यासारखंच आहे.

१५ जानेवारी
थोरलीचा कॉल. फुलपाखरांच्या खेळाची परवानगी राखून ठेवली होती. आज छान बोलणं झालं. तिनं टॅबलेट टेबलावर आडवा ठेवला होता म्हणून मला छत आणि फिरणारा पंखा दिसत होता. मी दुकानातल्या गमती सांगितल्या. पंख्याचा आवाज ऐकून सांगितलं की बुश गेलाय, फार दिवस काढणार नाही, पिवळा स्क्रू ड्रायव्हर लावून बघ, तुला वाळू ऐकू येईल. ती शांतपणे ऐकत होती. पूर्वी मधे मधे बोलायची. मोठी झाली.
शेवटी मुलांची आई आली. कुणाशी बोलतोयस, म्हणाली. पोरगी केव्हाच खाली खेळायला गेली.

१८ जानेवारी
दुरुस्तीला माणूस पाठवू का, असा मेसेज केला. खरं तर स्वतःच जाणार होतो. उत्तर : पंखा बदलला.

२ फेब्रुवारी
धोरण कडक केलं. आता संध्याकाळपर्यंत थांबून परवानगी द्यायची. म्हणजे भूक वाढते. कॉल वाढतील.

७ फेब्रुवारी
कॉल आला. मुलांच्या आईचा. आवाज चढवला नाही, तेव्हाच समजायला हवं होतं. म्हणाली, धाकटा काल टॅबलेट मांडीवर घेऊन तासभर रडत बसला होता, तुझ्या एका बटणासाठी. माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढ.
राग? मला फक्त ऐकायचं होतं. तसं म्हणणार होतो. तोंडातून निघालं, नेटवर्क नव्हतं.
मुलांची खाती ती स्वतःच्या गटात घेणार आहे. घे म्हटलं. मग उन्हाळ्याचं विचारलं. ती थांबली. चांगली बाई आहे, तिला थांबावंसं वाटलं. मग म्हणाली, विचारलं मी दोघांना. टॅबलेट इथे पण आहेत, मग तिकडे कशाला जायचं, असं दोघं म्हणाली.
वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं.

८ फेब्रुवारी
दुकान उघडलं नाही. सर्दी.

१० फेब्रुवारी
फोनवर ‘कुटुंब’ उघडलं. एक गोल. माझं अक्षर. खाली बटण : सदस्य जोडा.
ताईला जोडायचा विचार आला. तिला टेक्नॉलॉजी कळत नाही. तरी फोन केला. ती म्हणाली, जेवायला ये. सर्दी झाली आहे म्हटलं. म्हणाली, सर्दीला पण घेऊन ये.

१२ फेब्रुवारी
आजपासून पूर्ण लक्ष धंद्यात. उन्हाळ्यात पंख्यांचा सीझन असतो, मुलं आली असती तर कामाचा खोळंबाच झाला असता. एका अर्थी बरं झालं.
सकाळी पहिलाच टेबल फॅन घेतला. नव्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. आतून काहीच येईना. कण्हणं नाही, खरखर नाही, वाळू नाही. दुसऱ्या कानाला लावून बघितलं. तिथेही तेच. म्हटलं, गेला, कान गेला.
दुकानातला कारागीर बराच वेळ बघत उभा असावा. हळूच म्हणाला, शेठ, पंखा अजून चालू केला नाही.
म्हटलं, माहीत आहे मला. तपासत होतो.