मुरमावर टिकतील असे बूट

पौष शु. ११, शके १८६०. जालना.
वहाण दुसऱ्यांदा तुटली. बास्केटबॉलच्या मैदानावर नुसता मुरूम. अनवाणी खेळलं तर टाच सोलते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, कॅनव्हासचे बूट हवेत, जाड रबरी तळाचे. पातळ तळ मुरूम महिन्यात खातो. सामना माघात. हसनाबादला वडिलांना, आबांना, पत्र टाकलं. पोरीला बूट! आई कपाळाला हात लावील.

पौष व. २
आबा आले. शाळेसाठी मी राहते त्या मावशीच्या ओसरीवर गहू, हरभरा, म्हैस, सगळं सांगून झालं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! शेवटी मावशीनंच विषय काढला. घनसावंगीचं स्थळ आलंय, लग्न वैशाखात उरका म्हणतात. आणि मॅट्रिकला अजून दोन वर्षं.
आबा एवढंच म्हणाले, "पायाचं माप दे." पोरीनं दुकानात पाय पुढं करायचा नाही, म्हणून मावशीनं सुतळीनं टाच ते अंगठा मोजलं.

पौष व. ३
बूट आले. लांबीला बरोबर. रुंदीचं कुणालाच सुचलं नाही. गावी बारा महिने अनवाणी चाललेला माझा पाय, पुढून चांगला पसरलेला.
"लागतंय का?"
"न्हाई आबा, बराबर हायेत."
त्यांचा चेहरा पाहून दुसरं काही तोंडातून निघेना.

पौष व. ५
सरावात दोन्ही करंगळ्या सोलल्या. लंगडत घरी. आबांनी पाहिलं. पाणी आणलं, पाय धुतले, हळद-तेल लावलं. "नाल ठोकायच्या आधी बैलाचा खूर हातात घेऊन बघतो आपण. अन् तुझा पाय म्या बघितलाच न्हाई."
लहानपणानंतर त्यांनी माझे पाय धुतले ते पहिल्यांदाच. रडू आलं. त्यांना वाटलं, झोंबतंय.

पौष व. ६
मला घेऊन स्वतः दुकानात. मावशी म्हणाली, "लोक बघतेत!" आबा म्हणाले, "बघू द्या."
पांढरे, मऊ, पातळ तळाचे मला आवडले होते. आबांनी तळ वाकवून पाहिला, नख रुतवलं, कापड-रबराचा जोड चाचपला आणि ते बाजूला ठेवले. तपकिरी, जड, खाचांच्या तळाचे उचलले. ते घालून मला उभं केलं, बोटं पसरायला लावली. दुकानदार हसला, "पोरीला इतका मजबूत कशाला? सहा महिने खेळंल, मंग सासरी."
"दोन सालं चालला पाह्यजे. मॅट्रिक होस्तोर."
आबा मला फार आवडतात. इथं लिहायला कुणाची चोरी?

माघ शु. ४
आबांचं पत्र आलं. परस्पर घनसावंगीला गेल्ते. "दोन सालं थांबाया तयार हायेत. शाळा चालंल म्हणले. खेळ मात्र आत्ताच बंद करा म्हणतेत. मी हो बी म्हणलो न्हाई, न्हाई बी म्हणलो न्हाई. तू सांग, तसं कळवतो."
आबांनी बैल घेताना आईला विचारलं नाही, रान विकताना विचारलं नाही. मला विचारतात.
मावशी म्हणते, खुळे, हो लिही, असं स्थळ पुन्हा यायचं नाही. सामना परवा.
सकाळपासून तीन कागद फाडले. चौथ्यावर "ती. आबांस सा. न. वि. वि." इथवर आले आहे.