स्वयंपाकघरामागचा रस्ता

बाबा, मागच्या आठवड्यात मी तुमच्या नदीवर जाऊन आले. ज्या जंगलाचे तुम्ही रेंजर होतात आणि ज्याच्यापायी अर्धा महिना घराबाहेर असायचात, तिथे पैनगंगेच्या वळणावर आता एक लॉज झालं आहे, आणि त्याच्या पाटीवर ‘रेनफॉरेस्ट’ असं लिहिलेलं आहे. उमरखेड तालुक्यात रेनफॉरेस्ट! फेब्रुवारीचं ऊन, सागाची पानं गळून पायाखाली पापडासारखी मोडत होती, मोह उघडाबोडका उभा होता, आणि पाटी म्हणते बारमाही हिरवं पर्जन्यवन. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या भूगोलाच्या सिस्टरनी असं उत्तर लिहिणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलं असतं, तेही उन्हात. मी पाटी वाचली आणि तिथेच मनाशी ठरवलं, जे लोक झाडांबद्दल खोटं बोलतात ते उरलेल्या गोष्टींबद्दलही बोलणार. नजर ठेवायला हवी.

मला तिथे तुमच्या नातीनं नेलं. तुम्ही गेल्यानंतर जन्मलेली, त्यामुळे तुमची-तिची गाठ नाही. पुण्याला असते, नवऱ्यासोबत. नोकरी चांगली आहे, मूलबाळ नाही, आणि फोन रविवारचा असतो, तोही भाजी चिरता चिरता केलेला. दिवाळीनंतर तो फोन रोज यायला लागला, तेव्हाच माझे कान टवकारले. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, बाबा. आयुष्यभर परीक्षेच्या हॉलमध्ये फिरले. जे पोर एरवी मान वर करत नाही ते अचानक माझ्याकडे बघून गोड हसलं, की मी सरळ त्याच्या बाहीत हात घालत असे, आणि चिठ्ठी निघत असे. हिचं गोड बोलणं त्याच जातीचं होतं. ‘आई, वरच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?’ ‘आई, वरची खोली पावसात गळते का गं अजून?’ ‘आई, तू एकटी एवढ्या मोठ्या घरात कशी राहतेस?’ आणि एके दिवशी, ‘आई, आपण दोघीच कुठेतरी जाऊया का?’ मला हिशेब लागला. यवतमाळचं घर विकायचं, मला उचलून पुण्याच्या कुठल्यातरी नवव्या मजल्यावर ठेवायचं, आणि हे सगळं एखाद्या निसर्गरम्य जागी गळी उतरवायचं. तिचे वडील असते तर म्हणाले असते, अगं, पोरगी प्रेमानं विचारतेय. ते गेले, आणि माझ्या संशयाला आवर घालणारं घरात कुणी उरलं नाही.

ढाणकीच्या पुढे गाडी सोडली आणि आम्ही घाटावर उतरलो. खाली बंधारा आहे, म्हणून पाणी थांबून भरलेलं दिसतं; तुमच्या वेळी तो नव्हता. तिथे लॉजच्या माणसांनी मला नारिंगी जाकीट चढवलं, त्यात मी दोरीनं आवळलेल्या गादीसारखी दिसत होते. आमच्या बॅगा त्यांनी बाजूला काढून घेतल्या. ‘सामान दुसऱ्या बोटीनं येते, मॅडम.’ मी घाटावर दुसरी बोट शोधली. नव्हती.

‘लॉजपर्यंत रस्ता नाही का?’ मी बोटवाल्याला विचारलं.

‘रस्ता कायचा जी मॅडम! चारही बाजूनं जंगल. नदी हाच रस्ता.’

‘मग गॅसचं सिलिंडर कसं नेता?’

त्यानं इंजिनाची दोरी ओढली. इंजिन सुरू झालं, म्हणून उत्तर द्यायचं राहिलं, असा त्याचा चेहरा. तुमची नात म्हणाली, ‘आई, प्लीज.’ मी म्हटलं, ‘मी फक्त सिलिंडरबद्दल विचारलं.’

बोट निघाली. डावीकडे टेकडीवर एक पांढरं देऊळ होतं. मी ते नजरेत धरून ठेवलं, कारण जंगलात आधी एक खूण धरायची आणि मग इकडेतिकडे बघायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. बगळे दाखवून झाले, पाण्यातून डोकं काढलेला वठलेला धावडा दाखवून झाला, मगर दाखवायची होती पण ती आली नाही. देऊळ मात्र हळूहळू सरकत होतं. आधी मागे पडलं, मग लांब गेलं, पुन्हा जवळ यायला लागलं. सगळा वेळ ते डाव्याच हाताला. आणि तासाभरानं, ‘आता आपण घनदाट अरण्याच्या पोटात आलो’ असं बोटवाला म्हणाला तेव्हा तेच देऊळ, त्याच टेकडीवर, फक्त पाठमोरं! नदी तिथे घोड्याच्या नालेसारखी वळते, बाबा. आम्ही अख्खी नाल फिरून तिच्या दुसऱ्या टोकाला आलो होतो. ज्या टेकडीला वळसा घातला तिच्या अलीकडे आमची गाडी उभी होती आणि पलीकडे लॉज. मी बोलले नाही. कॉपी पकडायची तर पेपर पूर्ण लिहू द्यायचा असतो.

खोलीत पोचले तर माझी बॅग पलंगाशी हजर. बोटीतून आलेल्या बॅगेच्या चाकांना काळी माती लागते का? वरून कापसाचे पुंजके चिकटलेले, म्हणजे ती कुणाच्यातरी कापसाच्या गाडीत बसून, माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा आरामात आली होती. हात धुवायला म्हणून मी निघाले आणि सरळ स्वयंपाकघराच्या मागे गेले. तिथे स्कुटी उभी. हँडलला मेथीच्या जुड्या आणि वांग्यांची पिशवी. एक बाई, पदर खोचलेला, पिशवी काढत होती.

‘ही स्कुटी इथे कशी आली?’

‘चालवत आली न बाई. बोटीत टाकून आणू का?’ ती हसली. मग तिच्या लक्षात आलं असावं की पाहुण्यांना हे सांगायचं नसतं. आवाज उतरवून म्हणाली, ‘मांगून गिट्टीचा रस्ता हाय. साहेब म्हणते, पाव्हण्यायले दाखवाचा नाही, त्यायची मजा जाते. तुमी काहून इकडे आल्या जी?’

‘संशय आला.’

‘आता आल्याच हाय त राहू द्या तुमच्यापाशी. अन् कंटाळा आला त सांगजा. पाच वाजता मी घरी जातो, तुमालेबी सोडून देतो ढाणकीले. मांगं बसता येते न?’

तिच्या मागे, बाभळींच्या मधून, तो रस्ता सरळ टेकडीला भिडलेला मला दिसला. किती आनंद झाला म्हणून सांगू! पाटी खोटी, बोट खोटी, जंगलाचं पोट खोटं, आणि मी एकटी खरी. आता फक्त मुलीची चिठ्ठी बाहेर काढायची, ‘घर विकणार नाही’ म्हणायचं, पर्स खांद्याला लावायची आणि स्कुटीवर मागे बसून निघून जायचं.

ही निघून जायची सवय तुमची, बाबा. घरात आवाज चढला की तुम्ही खुंटीवरची हॅट काढायचात आणि चालू लागायचात. आई पोळपाटावरून हात न उचलता म्हणायची, ‘निघाले जंगलात. तिथली झाडं उलटून बोलत नाहीत.’ मी त्या सवयीची कमाल केली आहे. एकदा पुण्याला जावई जेवताना मला म्हणाला, ‘आई, तुम्हाला यातलं काही कळत नाही.’ मी ताटावरून उठले आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं यवतमाळला परत. तुमची नात फाटकापर्यंत मागे आली होती. मी वळून बघितलं नाही.

पाचच्या सुमाराला नदीवर काढलेल्या लाकडी ओट्यावर आम्ही चहा घेत बसलो. तिनं चहात बिस्किट बुडवलं आणि ते विरघळून पडलं तरी तिला कळलं नाही. मी मनातल्या मनात पर्स उचलून तयार.

‘आई, मला तुझ्याशी बोलायचंय.’

‘ते मला दिवाळीपासून माहीत आहे. घर विकायचं नाही.’

‘कुठलं घर?’ ती माझ्याकडे बघत राहिली. ‘आई, मी ते घर मागायला आलेय. म्हणजे, राहायला. वरची खोली.’ आणि मग एका दमात, शाळेतल्या पोरीनं पाठ केलेलं म्हणावं तसं, ‘मी त्याला सोडलंय. दिवाळीच्याही आधी. मैत्रिणीकडे राहतेय. नोकरी घरून करता येते. मला परत यायचंय.’

मी तोंड उघडलं. तिनं हात वर केला. ‘थांब. तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. मी आधीच सांगितलं होतं, म्हणशील, आणि उठून जाशील. फोनवर सांगितलं असतं तर फोन ठेवला असतास, घरी सांगितलं असतं तर देवळात निघून गेली असतीस. म्हणून इथे आणलं. इथून उद्या सकाळच्या बोटीशिवाय कुठे जाता येत नाही तुला.’

बाबा, त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर ती बाई आली. पिशवी रिकामी, हातात स्कुटीची किल्ली. माझ्याकडे बघून तिनं भुवया उंचावल्या. येता का?

जिभेवर काय काय होतं, ते तुमच्यापासून कशाला लपवू? ‘मी आधीच सांगितलं होतं’ हे तर होतंच. त्या माणसाबद्दलची चार वाक्यं होती, एकेक घासून ठेवलेली. आणि सगळ्यात पुढे होतं, ‘वेडे, तुला फसवलंय, मागे रस्ता आहे.’ एवढं म्हटलं असतं की मी जिंकले असते. पण माझी मुलगी दोन्ही हातांनी कप धरून समोर बसली होती, आणि मला कोंडून ठेवल्याची तिला इतकी खात्री होती की ती पहिल्यांदाच न घाबरता माझ्याकडे बघत होती. मी त्या बाईकडे बघून मान हलवली. नाही. थोड्या वेळानं मागून स्कुटीचा आवाज आला.

‘हे कसलं इंजिन?’ मुलीनं विचारलं.

‘पंप असेल,’ मी म्हटलं. ‘बोल तू.’

ती अंधार पडेपर्यंत बोलली. मी मधे बोलले नाही. अगदी शेवटी एवढंच म्हणाले की वरच्या खोलीचे पत्रे पावसाळ्याआधी बदलावे लागतील.

आणि ते बोलताना तुमचा आवाज माझ्या कानात आला. याच नदीवर, कदाचित याच वळणावर, मी बी.ए. झाले त्या हिवाळ्यात तुम्ही मला पलीकडचं रेस्ट हाऊस दाखवायला नेलं होतं. कळंबचं स्थळ जवळजवळ ठरलेलं. आपण डोंग्यात बसलो आहोत, नावाडी उभ्यानं बांबू टेकवतो आहे, तुमची हॅट मांडीवर आहे, आणि मी अगदी मधे पोचल्यावर सांगते, मला हे लग्न करायचं नाही, मला पांढरकवड्याच्या शाळेत नोकरी लागली आहे. मी जागा मुद्दाम निवडली होती. घरी तुम्ही उठून गेला असतात. इथे जाणार कुठे? तुम्ही पाण्याकडे बघता, हॅट डोक्यावर ठेवता, पुन्हा काढून मांडीवर ठेवता. नावाडी विचारतो, ‘साहेब, थांबू का?’ तुम्ही म्हणता, ‘कायले? चालू दे.’ मी सगळं बोलून घेते, रडून घेते. काठ जवळ आल्यावर तुम्ही एवढंच बोलता, ‘पांढरकवड्याले खोली पाहा लागन मंग.’

इतकी वर्षं मी तो माझा विजय समजत आले. पण त्या ओट्यावर, पंपाचं खोटं बोलून झाल्यावर, मला तो बांबू आठवला. तो पाण्यातून वर यायचा तेव्हा ओला कुठपर्यंत असायचा? नावाड्याच्या गुडघ्याच्या थोडा वर, बस. आणि आई हिवाळाभर कुरकुरायची की तुमच्या पँटी वाळत नाहीत, मांडीपर्यंत भिजवून आणता. तुम्ही ती नदी बूट हातात घेऊन नेहमी चालत ओलांडत होतात. डोंगा त्या दिवशी फक्त माझ्यासाठी सांगितला होता. तुम्हाला उतरून निघून जाता आलं असतं, बाबा. पाणी तुम्हाला माहीत होतं.

उतरला नाहीत. का, ते मी विचारत नाही. मला फक्त संशय आहे, आणि माझे संशय सहसा खोटे निघत नाहीत, एक घराचा सोडला तर.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोटीनंच परत आलो, अख्खी नाल पुन्हा फिरून. बोटवाल्यानं पुन्हा मगरीचं आश्वासन दिलं. आता तुमची नात यवतमाळच्या घरी, वर पत्रेवाल्याशी भांडते आहे. आवाज तंतोतंत माझा आहे, गल्लीला ऐकू जातोय. या पत्राला पत्ता नाही, त्यामुळे हे इथेच राहील. लॉजवाल्यांना मात्र मी खरमरीत इंग्रजीत लिहून पाठवलं आहे: सागाच्या जंगलाला रेनफॉरेस्ट म्हणणं हा अडाणीपणा आहे, वांग्याच्या भाजीत तिखट जास्त होतं, मगर दाखवली नाही.

रस्त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.