हॉर्न मारून तपासलेली शांतता

३ डिसेंबर
आज कॅम्पर व्हॅन अंगणात आली. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, पण आता आत बेड, स्टीलचं बेसिन, दोन पंखे. अख्ख्या उरणमध्ये अशी गाडी नाही. धाकटा भाऊ गणराज म्हणाला, दादा, त्यापेक्षा धंद्याला अजून एक कंटेनरचा ट्रेलर घेतला असता. त्याची झेप तेवढीच. आजोबा मिठागरात राबले, बाबांनी ट्रेलर आणले, गणराज तेच पुढे ओढतोय. घरात विचार करणारा मी एकटा.
बायकोने, पूनमने, गाडीभोवती एक फेरी मारली. मग आत जाऊन भात लावला. भारावली असणार.

४ डिसेंबर
मूळ मुद्दा लिहून ठेवतो. आमचं घर बंदराच्या रस्त्याला लागून. ट्रेलर दिवसरात्र चालू. पूनम म्हणते, झोप नाही, डोकं ठणकतं, रस्त्यापासून आत कुठे तरी शांत ठिकाणी घर बघू. डॉक्टरही तिच्याच बाजूचा. मला याच घरात जन्मापासून गाढ झोप लागते, म्हणजे दोष घराचा नाही. उलट ती रात्रभर कूस बदलते, तिच्या बांगड्या वाजतात, त्रास मला. मी कधी बोललो?
शेवटी पूनमने अट घातली. शांत जागा मी शोधायची. तिथे दोन रात्री काढायच्या. पूनमला झोप लागली तर झोपेपुरती ती जागा आहेच, घर बदलायचा विषय कायमचा बंद. नाही लागली तर घर बदलायचं. मी ताबडतोब हो म्हटलं. तिने मला अजून ओळखलेलं नाही.

७ डिसेंबर
एरिया फिक्स. काशीदच्या बाजूला, फणसाड अभयारण्याच्या डोंगराखाली. नेटवरचे रिव्ह्यू वाचले. ज्यांना शांतता कशाशी खातात ते माहीत नाही, तेच ‘पीसफुल’ लिहितात. मी स्वतःची टेस्ट काढली. जागेवर पोचायचं, प्रेशर हॉर्न एकदा लांब दाबायचा, इंजिन बंद करून कान द्यायचा. उत्तर आलं की जागा बाद. हे रक्तात असावं लागतं. चार पिढ्या एसीत बसलेल्यांना सुचायचं नाही.
पूनमने विचारलं, हॉर्न मारल्यावर शांतता उरते का? टेक्निकल गोष्टी तिला समजावण्यात अर्थ नाही.

१० डिसेंबर
काशीद. बीचलगतचा कॅम्प. टेस्ट घेतली. सगळ्या पार्किंगने उलट हॉर्न दिले. एकाने तर ट्यून वाजवली. बर्म्युडातले एक काका मोबाइलवर मोठ्याने ऑफिसची मीटिंग करत होते आणि मलाच गप्प बसा म्हणून हात दाखवत होते. मॅनेजर दीपेश म्हणाला, सर, डीजे दहाला बंद होतो. म्हणजे तोपर्यंत चालू! हे त्याला दिसत नाही. असली माणसं टुरिझम चालवतात. बाद.
पोहे खाल्ले. गार होते.

११ डिसेंबर, दुपार
डोंगराच्या बाजूला ‘नेचर रिट्रीट’. दारावर बोर्ड, इथे मौन पाळा. झाडाखाली मोठाल्या लेन्स लावून पक्षी बघणारी मंडळी. टेस्ट घेतली. सगळे धावून आले. एक बाई म्हणाली, सकाळपासून ज्याच्यासाठी बसलो तो पक्षी तुम्ही उडवलात. मी म्हटलं, मॅडम, पक्षी आहे, उडणारच. त्यावर सगळ्यांनी जो आरडाओरडा केला! आणि बोर्ड मौनाचा. ढोंगी लोक. बाद.

११ डिसेंबर, संध्याकाळ
सापडली! सोनूबाई नावाच्या म्हातारीची आंब्याची वाडी. मागे डोंगर, पुढे ओढा, मोबाइलला रेंज नाही. हॉर्न दाबला. उत्तर शून्य. माकडंसुद्धा गप्प झाली. सोनूबाईने पडवीतून खाली येऊन विचारलं, कोन मेलं का रं? म्हटलं, नाही मावशी, टेस्ट होती. ती गाडीच्या काचेला नाक लावून आत बघायला लागली. खेड्यातली माणसं, नवीन काही पाहिलेलं नसतं.
जागा पास.

२० डिसेंबर
पूनमसह वाडीत पोचलो. तिने उतरल्या उतरल्या डोळे मिटले आणि उभीच राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, तेच तर. कोड्यात बोलायची सवय आहे तिला.
जेवण सोनूबाईकडे. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. भांडी पूनमने आमच्या बेसिनमध्ये घासली. व्हॅनचा उपयोग होतोय.

२१ डिसेंबर
रात्री एक तांत्रिक अडचण आली. इथली शांतता अति आहे. पान पडलं तरी ऐकू येतं. कानात नुसती सूं. अशात माणसाने झोपायचं कसं? मग आठवलं, बॅटरी चार्ज राहायला हवी. इंजिन चालू ठेवलं. लगेच डोळा लागला. योगायोग.
सकाळी पूनम शेजारी नाही. सोनूबाईच्या पडवीत गोधडी घेऊन झोपलेली, ऊन तोंडावर आलं तरी हलत नव्हती. मीच उठवून विचारलं, झोप लागली? म्हणाली, कितीतरी वर्षांनी. जिंकलो! पडवी की व्हॅन, असल्या बारकाव्यात मी शिरत नाही.
सोनूबाई म्हणाली, तुजी गाडी झोपत न्हाय का रं? बॅटरीचं शास्त्र सांगितलं. डोक्यावरून गेलं.

२२ डिसेंबर
काल इंजिन अगदी हळू ठेवलं होतं. तरी सकाळी म्हातारी व्हॅनसमोर उभी. म्हणाली, माजी गाय दूध देत न्हाय. बाय ऱ्हाऊ दे, तू गाडी घेऊन जा. टुरिझमची अक्कल नसलेल्यांना जमिनी कशा मिळतात कोण जाणे.
पूनमला म्हटलं, सामान आवर. ती वालाच्या शेंगा सोलत होती. तशीच सोलत म्हणाली, घर नाही बदलायचं, ठरलंय ना? मला झोप लागली. विषय बंद. तुम्ही तुमच्या घरी राहा. मला मावशींनी आतली खोली दिलीय.
मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, झोप भरून निघेपर्यंत. आणि पुढची शेंग घेतली.
म्हणजे अट पूर्णपणे माझ्याच बाजूने सुटली. घर वाचलं.

२३ डिसेंबर
उरण. गणराजने विचारलं, वहिनी कुठे? म्हटलं, जागा ट्रायलवर आहे, ती बघतेय. तो हसला. त्याला काय कळतंय.

२६ डिसेंबर
झोप नाही. रस्त्यावर ट्रेलर कमी झालेत बहुतेक. गणराजला विचारलं तर म्हणाला, उलट वाढलेत. त्याच्या माहितीवर विसंबून धंदा चाललाय, कमाल आहे. खिडकी उघडी ठेवून पाहिली. गादी उलटी करून पाहिली. गादीच भिकार.
पूनमला फोन लावला. रेंज नाही. जागा मीच निवडली होती, रेंज नसलेली.

२९ डिसेंबर
काल व्हॅनमध्ये झोपलो. अंगणातच. बॅटरीसाठी इंजिन चालू केलं, तर बेसिनमध्ये काही तरी किणकिणायला लागलं. बघितलं तर पूनमच्या दोन बांगड्या, भांडी घासताना काढून ठेवलेल्या. इंजिन चालू असेपर्यंत वाजतात. असल्या आवाजात कोणाला झोप लागेल?
सकाळी गणराजने काच ठोकली तेव्हा जाग आली. ऊन तोंडावर होतं.
त्या बांगड्या तिथून काढल्या पाहिजेत. आज राहिल्या. उद्या बघू.